आयबीएसचं पथ्य: सोडायचं मोजके दिवस, परत आणायचं एकेक करून

डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. ती गाठायची असली की मी साडेचारला उठायचो. तयारीला वेळ लागतो म्हणून नव्हे, तर घराबाहेर पडण्याआधी तीनदा, कधी चारदा शौचाला जाऊन यावं लागायचं म्हणून. एवढं करूनही लोणावळा यायच्या आत पोटात मुरडा सुरू व्हायचा. रविवारी मात्र हेच पोट गुपचूप पडून असायचं. हा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: तपासण्यांत काही सापडत नाही, पण पोट दुखत राहतं आणि शौचाची लय बिघडते. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. हल्ली मी पावणेसहाला उठतो आणि गाडी मिळते. मधल्या काळात काय केलं, कुठल्या क्रमानं करायला हवं होतं आणि पैसे कशात वाया गेले, ते इथं लिहितोय. क्रमावर माझा विशेष भर आहे, कारण मी नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात केली. एका संध्याकाळी काहीतरी वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून गहू, दूध, कांदा, डाळी, फळं सगळं बंद केलं. दोन महिन्यांत सहा किलो वजन गेलं. पोट थोडं निवळलं, पण कशामुळे ते कळायला मार्ग नव्हता. मग वर्षभर फक्त भात, तूप आणि भीती.

पायरी 1: नाव लावण्याआधी तपासणी

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हे नाव स्वतःच स्वतःला द्यायचं नसतं. डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या, 2016 मध्ये ठरलेल्या रोम निकषांनुसार तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोट दुखायला हवं, त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची हवी आणि पुढच्या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: दुखण्याचा शौचाशी संबंध, जाण्याच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं. नुसता गॅस किंवा नुसतं बद्धकोष्ठ म्हणजे आयबीएस नव्हे.

काही गोष्टी दिसल्या तर हा लेख बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञाकडे जा. शौचातून रक्त, प्रयत्न न करता उतरणारं वजन, हिमोग्लोबिन कमी, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पंचेचाळीस-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्यानं सतत फुगायला लागलं असेल, तर अंडाशयाचीही तपासणी हवी. ‘गॅसेस आहेत गं’ म्हणून ते सोडून द्यायचं नाही.

बाकीच्यांसाठी तपासण्या साध्या असतात: रक्ताची सर्वसाधारण तपासणी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), थायरॉइड, शौचाची तपासणी, गरज वाटली तर शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं). आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि जिआर्डियासारखे जंतू डॉक्टरांच्या डोक्यात असतातच. एक तपासणी आवर्जून मागा, ती म्हणजे सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार), टीटीजी-आयजीए नावाची रक्ततपासणी. ती होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू बंद करून आठवडे उलटले की हीच तपासणी खोटा दिलासा देते. पित्ताशय काढल्यानंतर जुलाब सुरू झाले असतील तर तेही सांगा, त्याचं कारण आणि औषध वेगळं असू शकतं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की घरचे म्हणतात, ‘मग काहीच नाही तुला.’ तसं नसतं. आतड्यात जखम नसते, पण आतड्याच्या नसा जरुरीपेक्षा हळव्या झालेल्या असतात. शेजारच्याला ज्या गॅसचा पत्ताही लागत नाही, तेवढ्याच गॅसनं आपल्याला कळ येते. आतडं पुढं ढकलण्याची लयही बिघडते, कधी घाई तर कधी संप. अनेकांची गोष्ट एखाद्या जोरदार जुलाबाच्या आजारानंतर सुरू होते. अशा आजारातून उठलेल्यांपैकी साधारण दहात एकाला नंतर आयबीएस होतो. माझंही तसंच, एका जत्रेतल्या पाण्यापासून. यातून कर्करोग होत नाही. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पायरी 2: दोन आठवडे फक्त वही

काहीही बदलू नका, फक्त लिहा. किती वाजता काय खाल्लं, किती वाजता गेलो, स्वरूप कसं, दुखणं दहापैकी किती, झोप आणि त्या दिवसाची धावपळ. स्वरूपासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा, त्यात शौचाच्या स्वरूपाला 1 ते 7 क्रमांक दिलेले असतात: 1-2 म्हणजे खडे, 3-4 ठीक, 6-7 पातळ. माझ्या वहीतला एक मंगळवार असा आहे:

‘7:40 कांदेपोहे, चहा. 8:10 नंबर 6, मुरडा 5. 1:30 डबा, तीन पोळ्या, चवळीची उसळ. 4:00 चहा, खारी. 5:30 पोट ढोल, पँटचं बटण काढलं. रात्री 10:00 जेवण, 10:45 आडवा. उद्या रिव्ह्यू.’

इथं बहुतेक सगळे फसतात. पोहे खाऊन अर्ध्या तासात पळावं लागलं की दोष पोह्यांवर जातो. पण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती प्रत्येकाच्याच शरीराची रीत आहे. आठला जे बाहेर पडलं ते पोहे नव्हते, आदल्या दिवसाचं जेवण होतं. साडेपाचच्या ढोलाचा संशय मात्र दुपारच्या डब्यावर घ्यायला हरकत नाही, कारण न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचून जिवाणूंनी आंबवायला काही तास लागतात. म्हणून वही वाचताना नजर मागं न्यायची, चार तास ते एक दिवस.

पायरी 3: घड्याळ, चहा, तळण

फॉडमॅप (काही नीट न शोषल्या जाणाऱ्या साखरा टाळायचं पथ्य, पायरी 5 मध्ये येईल) वगैरे नंतर. आधी महिनाभर साध्या गोष्टी. 2015 मध्ये स्वीडनमधल्या 75 रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला फॉडमॅपचं कडक पथ्य दिलं आणि दुसऱ्याला साधा सल्ला: वेळेवर, थोडं थोडं, चावून खा, तेलकट-तिखट आणि चहा-कॉफी कमी करा. दोन्ही गटांत जवळजवळ निम्म्या लोकांना उतार पडला. म्हणजे निम्म्यांना पुढच्या कडक पथ्याची कदाचित गरजच पडणार नाही.

आपल्याकडे याचा अर्थ असा: न्याहारी न चुकवणं, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, दिवसाला जास्तीत जास्त तीन कप चहा-कॉफी आणि त्यातला पहिला उपाशीपोटी नाही. टपरीवरचा कटिंगही कपच धरायचा. फळं एका बैठकीला एक वाटीच. शुगरफ्री गोळ्या आणि च्युइंगगम बंद, त्यातलं सॉर्बिटॉल जुलाबाचं औषध म्हणूनही काम करतं. दारूचं काय ते तुम्हाला माहीत आहे.

बद्धकोष्ठवाल्यांनी सकाळची न्याहारी झाली की दहा मिनिटं शांत बसायला जावं, कारण ती आतड्याची हलायची वेळ असते. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट घ्या. उकिडवं बसल्यावर गुदमार्गाचा कोन सरळ होतो. आजोबांच्या काळातल्या संडासात ही सोय फुकट होती.

पायरी 4: इसबगोल, पण कोंडा नाही

‘फायबर खा’ या सल्ल्यानं मी गव्हाचा कोंडा कणकेत घालायला लागलो आणि आठवडाभर तळमळलो. फायबर-फायबरमध्ये फरक आहे. नेदरलँड्समध्ये 275 रुग्णांवर झालेल्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इसबगोलानं फायदा दिसला, तर कोंडा घेणाऱ्यांतले अनेक त्रास वाढला म्हणून मधेच गळले. इसबगोलाची भुशी पाणी धरून गिळगिळीत होते, म्हणून कडक शौच मऊ करते आणि पातळाला थोडा बांधाही देते. जगभर जाणारा बराचसा इसबगोल आपल्या शेजारच्या गुजरातेतून, उंझा-सिद्धपूर भागातून जातो. आपल्याला तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, याचं मोल आपल्याला कळत नाही.

सुरुवात अर्ध्या चमच्यानं. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, जेली होईपर्यंत थांबायचं नाही, आणि वर अजून पाणी. चार-पाच दिवसांनी अर्धा चमचा वाढवत दिवसाला दोन चमच्यांपर्यंत. कोरडी भुशी तोंडात टाकायची नाही, घशात अडकते. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पहिला आठवडा गॅस वाढेल, तेवढ्यावर सोडून देऊ नका. आणि डबा उघडून घटक वाचा. ‘पोट साफ’ करणाऱ्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चाबूक मारणारी वस्तू आहे, रोजच्या सवयीची नव्हे.

पायरी 5: फॉडमॅप, म्हणजे चातुर्मासाचं स्वयंपाकघर

एवढं करूनही वहीत आकडे खाली आले नाहीत, तरच ही पायरी. फॉडमॅप ही मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी 2005 च्या सुमारास मांडलेली कल्पना आहे. काही साखरा आणि साखरेच्या लहान साखळ्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात आंबतात आणि हळवं आतडं कळवळतं. गहू, कांदा आणि लसणातलं फ्रुक्टन, कडधान्यांतलं जीओएस (गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड), दुधातलं लॅक्टोज, आंबा-सफरचंद-कलिंगड-मधातलं जादा फ्रुक्टोज, आणि सफरचंद, मशरूम यांसारख्यांत असलेले पॉलिऑल (वरचं सॉर्बिटॉल त्यांतलंच). अशा या पाच टोळ्या.

पहिला टप्पा दोन ते सहा आठवडे, पाचही टोळ्या खूप कमी. मराठी घरात हे ऐकून छाती दडपायचं कारण नाही. आषाढातल्या कांदेनवमीला भजी-थालीपिठं चापून मग चार महिने कांदा-लसूण सोडणारी घरं आपण पाहिली आहेत. नैवेद्याचं ताट कांदा-लसणाशिवायच होतं. आईला म्हटलं, ‘पोटासाठी कांदा बंद करायचाय,’ तर तिनं हात झटकले. म्हटलं, ‘नैवेद्यासारखं कर,’ तर प्रश्नच उरला नाही. (चातुर्मासात वांगंही सोडतात. फॉडमॅपच्या हिशेबात वांग्याचा काही गुन्हा नाही, खुशाल खा.)

ताटात काय येतं? भात, ज्वारीची भाकरी, नाचणी, पोहे, मुरमुरे, साबुदाणा. बटाटा, वांगं, भेंडी, गाजर, काकडी, फरसबी, पालक, टोमॅटो. अंडी, मासे, चिकन, पनीरचा तुकडा. शेंगदाण्याचं कूट चालतं, काजू नाही. गोडा मसाला चालतो, कांदा-लसूण मसाला नाही. संत्रं, पपई, अननस. केळं जरा हिरवट असताना, कारण डाग पडेपर्यंत पिकलं की त्यात फ्रुक्टन वाढतं. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. डाळीशिवाय शाकाहारी माणसाचं चालायचं नाही, तर मूग घ्या: रात्री भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा, आणि शिजलेलं पाव वाटीच वाढा. भिजवण्यानं आणि मोड आणण्यानं जीओएस कमी होतं. आपल्या आज्या उसळीला मोड आणायच्या, त्यात हाही फायदा होता. उपासाचे पदार्थ यादीत अचूक बसतात, पण तुपात न्हालेली खिचडी आणि बचकभर मिरची म्हणजे आगीतून फुफाट्यात.

चवीचं काय, हा खरा प्रश्न. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. म्हणून कढईत तेल तापवा, चार लसूणपाकळ्या ठेचून टाका, कडा तांबूस झाल्या की झाऱ्यानं सगळ्या उचलून काढा, एक कणही ठेवू नका, आणि मगच मोहरी-जिरं-हिंग घालून भाजी टाका. घर लसणाच्या वासानं भरतं, पोटाला पत्ता लागत नाही. क्रम चुकला, पाकळ्या तशाच राहिल्या आणि वरून पाणी पडलं, की रश्शात फ्रुक्टन उतरलंच. हे तेल ताजंच करा. लसूण घातलेलं तेल बाटलीत भरून बाहेर ठेवणं विषबाधेला निमंत्रण आहे. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घाला. हॉटेलची ग्रेव्ही मात्र विसरा, तिचा पायाच कांदा असतो.

सहा आठवड्यांत काहीच फरक नाही? मग हा मार्ग तुमचा नाही, सगळं पूर्ववत खायला लागा. फरक पडला तर दुसरा टप्पा ताबडतोब. इथंच लोक अडकतात, मीही अडकलो होतो. आपल्याकडे पथ्य एकदा लागलं की लागलं. पण या पथ्याला शेवटची तारीख आहे. बंद केलेल्या पदार्थांत आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्यही असतं आणि कॅल्शियमही, शिवाय चारचौघांत बसून जेवायचं सुख.

परत आणायची रीत अशी. बाकी ताट पथ्याचंच ठेवायचं आणि एका टोळीतला एकच पदार्थ सलग तीन दिवस वाढत्या मापानं खायचा. लॅक्टोजसाठी पाव कप दूध, मग अर्धा, मग एक. गव्हासाठी अर्धी पोळी, एक, दोन. कांद्यासाठी एक चमचा चिरलेला, मग दोन, मग पाव कांदा. लसूण वेगळा तपासा. डाळींसाठी पाव वाटी हरभरे, मग वाढवत. नंतर दोन-तीन दिवस विश्रांती, वही भरायची, मग पुढचा पदार्थ. त्रास झाला तर पोट शांत होईपर्यंत थांबायचं. दीड-दोन महिने जातात. आंब्याची पाळी मी मुद्दाम मे महिन्यात लावली: पहिल्या दिवशी दोन फोडी, दुसऱ्या दिवशी अर्धा हापूस, तिसऱ्या दिवशी अख्खा. अर्ध्यापर्यंत शांतता, अख्ख्याला रात्री मुरडा. म्हणजे आंबा ‘बाधतो’ हे खोटं होतं, एका वेळी अख्खा बाधतो एवढंच खरं. तसंच पोळीचं, दोन चालतात. दूध प्यायचं असेल तर अर्धा कप, दही त्याहून बरं पचतं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोज फोडायला मदत करतात. माझा खरा गुन्हेगार एकच निघाला, लसूण. त्याच्यासाठी मी वर्षभर वरणाशिवाय जेवत होतो!

मापं एकत्र साचतात हेही लक्षात ठेवा. दोन पोळ्या चालतात, अर्धा कप दूधही, पण दोन पोळ्या, उसळ आणि वर खीर एकाच पंगतीत आली तर बेरीज होते. आधीच वजन कमी असेल, गरोदरपण असेल, किंवा जेवणाशी नातं पूर्वीच ताणलेलं असेल, तर हे पथ्य आहारतज्ज्ञाशिवाय करू नका. मुलांवर तर नाहीच.

पायरी 6: कॅप्सूल आणि पावडरी

पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलमागं बऱ्यापैकी पुरावा आहे. मेंथॉलमुळे आतड्याचा स्नायू सैलावतो आणि कळ कमी होते. आतड्यात पोचूनच विरघळणारं आवरण असलेलीच घ्यावी, साधारण 0.2 मिली, जेवणाआधी अर्धा-एक तास, न चावता. अँटासिडबरोबर घेतली तर आवरण पोटातच फुटतं आणि छातीत जळजळ होते. ज्यांना मुळात ॲसिडिटीचा जोराचा त्रास आहे त्यांनी टाळावी. पुदिन्याची चटणी चांगली लागते, पण ती हे औषध नव्हे.

प्रोबायोटिकबद्दल, म्हणजे पोटाला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या कॅप्सूल-पावडरींबद्दल, तज्ज्ञांतच मतभेद आहेत. ब्रिटनमधल्या सल्ल्यात महिनाभर करून बघायला हरकत नाही म्हटलंय, अमेरिकन पोटविकारतज्ज्ञांनी 2021 मध्ये घेऊ नये असंच सुचवलं. माझे यात बरेच पैसे गेले. घ्यायचंच तर एकच ब्रँड, चार आठवडे, वहीत फरक दिसला नाही की बंद. दोन नवी औषधं एकाच आठवड्यात कधीच सुरू करू नका, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही. ड जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढा, पण त्यानं मुरडा थांबेल ही आशा धरू नका. बद्धकोष्ठवाल्यांनी रोज दोन किवी करून बघावेत, महाग आहेत खरे.

पायरी 7: डोकं आणि पोट

मेंदू आणि आतडं यांच्यात तारा आहेत आणि निरोप दोन्हीकडून जातात. रविवारी माझं पोट शांत का असायचं, याचं उत्तर त्यातच आहे. रोज अर्धा तास भराभर चालणं, आठवड्यातून पाच दिवस, आणि रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं पोटानं श्वास: हात नाभीवर, श्वास घेताना हात वर, सोडताना खाली, सोडणं घेण्यापेक्षा लांब. पहिला पंधरवडा मला हे थोतांड वाटलं. सहाव्या आठवड्यात सकाळच्या फेऱ्या तीनवरून दोनवर आल्या, तेव्हा बोलणं बंद केलं.

त्रास टिकून असेल तर डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिनची छोटी मात्रा देऊ शकतात. चिठ्ठीवर ‘डिप्रेशनची गोळी’ पाहून लोक दुखावतात. पण 2023 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या 463 रुग्णांच्या चाचणीत 10 ते 30 मिलिग्रॅमनं आयबीएसचा त्रास खरोखर कमी झाला. एवढ्या मात्रेत ती नसांचा हळवेपणा कमी करायला असते. पोटासाठीचं संमोहन आणि संज्ञानात्मक वर्तन उपचार (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे) यांनाही आधार आहे. मँचेस्टरमध्ये संमोहनावर 1984 पासून काम झालेलं आहे. आपल्याकडे असा माणूस शोधावा लागतो, पण मिळतो.

बिघडलेला दिवस आणि प्रवास

बिघडलेल्या दिवशी नवं पथ्य शोधू नका. मऊ भात, तूप, मीठ, जुलाब असतील तर ओआरएस, पोटावर गरम पाण्याची पिशवी, आणि दोन दिवस पहिल्या टप्प्याचं ताट. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर लोपरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी निघण्याआधी घेता येते. ताप किंवा रक्त असेल तर अजिबात नाही, सरळ दवाखाना. वरच्या धोक्याच्या यादीतलं काही नव्यानं दिसलं, तर ‘माझं आयबीएसच आहे’ म्हणून वाट बघायची नाही.

प्रवासाच्या आदल्या रात्री मी साडेसातला भात आणि भेंडीची भाजी खातो, सकाळी चहाऐवजी गरम पाणी आणि मुरमुरे, चहा मग गाडी घाट उतरून कर्जतला आल्यावर. पिशवीत ओआरएसची दोन पाकिटं, पेपरमिंटची पट्टी, ओला रुमाल आणि जादा पँट. ती पँट तीन वर्षांत एकदाही लागलेली नाही, पण पिशवीतून काढायचं धाडस अजून होत नाही.